एंबारी प्रमाण

मानवजातीच्या इतिहासात प्रथमच एका महासत्तेने एकाही निरपराध माणसाला धक्का न लावता युद्ध करण्याचा संकल्प सोडला होता. त्या प्रसंगी मैत्री मंत्रालयाचे सचिव, शांतिसहायक दलाचे कर्नल आणि गंधविज्ञान संस्थेचे संचालक उपस्थित होते. संकल्पानंतर जेवण होते आणि जेवणात श्रीखंड होते. त्यामुळे ‘निरपराध म्हणजे कोण’ हा विषयपत्रिकेवरचा दुसरा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. ती बैठक पुढे झालीच नाही.

महासत्ता म्हणजे आपणच. हे होऊन फार वर्षे झाली नव्हती, आणि नव्या चपलेसारखी ती पदवी अजून थोडी चावत होती. लुवेरा बेटावर आपण गेलो तेही त्या चपला घालून पाहण्यासाठीच, असे म्हणायला हरकत नाही.

लुवेरा पूर्वी गोऱ्यांची वसाहत होती. आपणही होतो. तेव्हा त्यांचे दुःख आपल्याइतके कोणाला कळणार, असे आपण जागतिक परिषदेत सांगितले आणि तिथे एक दवाखाना काढला. दवाखान्याला राखण हवी म्हणून पहारेकरी पाठवले. पहारेकऱ्यांवर रानातून दगड आले म्हणून त्यांच्या राखणीला तुकडी पाठवली. तुकडीला धावपट्टी लागली, धावपट्टीला तळ लागला, तळाला डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी लागले, आणि ज्यांचे ते पाणी होते ते लोक बंदुका घेऊन रानात गेले. पुढे तळावर इतकी गर्दी झाली की जागा पुरेना. तेव्हा दवाखाना बंद करून तिथे दारूगोळा ठेवला.

रानात गेलेल्यांना आपले लोक ‘रानवाले’ म्हणत. रानवाला दिसायला इतर लुवेरी माणसासारखाच असे, हा त्याचा मोठा दोष होता. सकाळी तो तुम्हाला केळी विकी, हसून नमस्कार करी, आणि संध्याकाळी तुमची जीप उलटी झालेली असे. कर्नलांच्या शब्दांत सांगायचे तर, शत्रू होता. फक्त सापडत नव्हता.

त्यासाठी मुळशीच्या रस्त्यावरच्या गंधविज्ञान संस्थेत यंत्र तयार झाले होते. ते केले होते डॉ. वैजयंती उकिडवे या स्रावरसायनतज्ज्ञ बाईंनी. कर्नल हंबीर खानविलकर ते पाहायला आले. यंत्र टेबलावर होते: चौकोनी डबा, पुढे दोन भोके, वर एक काटा.

“माणूस घाबरला की त्याला घाम येतो, हे कुत्र्यालाही कळतं,” कर्नल म्हणाले. “यात वेगळं काय?”

“हा भीतीचा वास नाही,” उकिडवे म्हणाल्या. “तुमचे शिपाई दारात उभे राहिले तर कोणीही घाबरेल. मीसुद्धा. भीतीवरून काही कळत नाही. आम्ही दुसरंच पकडतो. समजा, एखादा माणूस असं काही करतोय की जे त्याला स्वतःलाच चुकीचं वाटतं, आणि तो ते लपवतोय. अशा वेळी मेंदूतून दोन आज्ञा एकदम सुटतात. एक म्हणते, तोंड लपव. दुसरी म्हणते, चेहरा साधा ठेव. या ओढाताणीत कानामागच्या ग्रंथींतून एक द्रव्य हवेत जातं. अगदी सूक्ष्म. आपल्या नाकाला कळणार नाही इतकं. त्याला मी लज्जागंध नाव दिलंय.”

“लाजेचा वास?”

“हो. आणि हा गंधवेधक. रस्त्याच्या पलीकडून वास घेतो. भुंग्यावर, म्हणजे तुमच्या त्या छोट्या ड्रोनवर, बसवून उडवला तर झाडाच्या शेंड्यावरूनही घेतो.”

संचालक धारवाडकरांनी घसा साफ केला. “उकिडवेबाई, ते ‘लाज’ काढा हो. मंत्रालयात लाजेसाठी वेगळी तरतूद नाही. आपण ‘शत्रुगंध’ म्हणू.”

“पण सर, शत्रूला लाज वाटतेच असं—”

“वाटणारच! तो कोणाविरुद्ध लढतोय? कायद्याविरुद्ध. मित्रराष्ट्राविरुद्ध. दवाखान्याविरुद्ध! वरून काही दाखवू दे, मनातून त्याला ठाऊक असणार आपण चुकतोय ते.”

“न वाटून सांगतो कोणाला,” कर्नल म्हणाले. “आपण इतकं चांगलं वागूनसुद्धा.”

डॉ. उकिडव्यांच्या मनात इथे एक शंका आली होती. पण तेवढ्यात चहा आला.

“प्रमाण कशावर बसवलंत?” कर्नलांनी कप उचलत विचारले. “म्हणजे, किती वास म्हणजे किती शत्रू?”

तो प्रयोग मोठा नामी होता. एका महाविद्यालयात परीक्षा चालू असताना उत्तरांचा कागद मुद्दाम मागच्या टेबलावर विसरला गेला आणि पर्यवेक्षकांना फोनचे निमित्त करून बाहेर पाठवले गेले. वर्गातल्या सगळ्यांनी उत्तरे उतरवून घेतली. यंत्र खिडकीत लपवलेले होते.

“आणि काटा किती हलला?”

“एका मुलाच्या वेळी जोरात हलला,” उकिडवे म्हणाल्या. “अगदी पार शेवटपर्यंत.”

“बाकीच्यांच्या?”

“बाकीच्यांच्या वेळी हलला नाही.”

“दमट हवा,” संचालक घाईने म्हणाले. “ती सगळी मापं सदोष म्हणून आम्ही वगळली. एक माप मात्र अत्यंत स्वच्छ मिळालं.”

“म्हणजे सगळं यंत्र एका पोरावर बसवलंय?”

“तो मुलगा लुवेराचा आहे, कर्नलसाहेब. इथे एम.एस्सी.ला आला होता. म्हणजे यंत्र स्थानिक परिस्थितीला अनुकूल आहे.”

कर्नलांना हे पटले. त्या मुलाचे नाव तोमास एंबारी. त्याच्या वासाला शंभर अंक दिले गेले आणि त्या मापाला ‘एंबारी प्रमाण’ म्हटले गेले. साठाच्या वर जो जाईल तो शत्रू, असे ठरले. तोमासला यातले काही सांगितले नव्हते. विज्ञानाच्या शिस्तीत ते बसत नाही.

लुवेराचा तळ गोऱ्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात होता. कर्नलांनी त्याचे नाव ‘नवगड’ ठेवले होते आणि दारावर भगवी कमान उभारली होती. यंत्रे बसवायला डॉ. उकिडवे तिथे उतरल्या तेव्हा कमानीखाली इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच, काळासावळा तरुण उभा होता.

“या मॅडम. प्रवास झाला का नीट? विमानात उपमा दिला असेल. मीठ घालून खाल्लात ना?”

तो तोमास होता. पुण्यात चार वर्षे सदाशिव पेठेत आपटेकाकूंकडे राहिल्यामुळे त्याचे मराठी त्या भागातल्या पाट्यांसारखे झाले होते: स्वच्छ आणि टोचणारे. आता तो तळावर दुभाष्या होता.

“तू इथे! मला वाटलं पीएच.डी. करत असशील.”

“इथे विद्यापीठ होतं, मॅडम. आता तिथे तुमची वाहनं दुरुस्त होतात. चपला तिथे बाहेर काढू नका, नाहीशा होतील. आपटेकाकू म्हणायच्या, चपला हातात घेऊन आत यायचं आणि कोपऱ्यात नीट ठेवायच्या. ती सवय मला अजून आहे.”

त्याच आठवड्यात तळावर शिवजयंती साजरी झाली. कर्नलांचे दरवर्षीचे व्याख्यान असे: ‘गनिमी कावा आमच्या रक्तात आहे.’ यंदा त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्या लुवेरी मंडळींनाही बोलावले होते. आपल्याला गनिमी काव्यातले सगळे कळते, हे त्यांच्या मनावर ठसले म्हणजे त्यांची पोरे आपोआप रानातून खाली उतरतील, असा कर्नलांचा कयास होता. त्यांनी रंगवून सांगितले: परका सरदार प्रचंड फौज घेऊन येतो, दुसऱ्याच्या वाड्यात ठाण मांडून बसतो, मूठभर मावळे वरातीत मिसळून आत शिरतात. तोमास वाक्यामागून वाक्य लुवेरीत सांगत होता. म्हातारी मंडळी पुढे सरकून ऐकत होती. इतके लक्ष देऊन आजवर कर्नलांना कोणी ऐकले नव्हते. मावळे आत शिरले तेव्हा टाळ्या पडल्या. कर्नलांचा ऊर भरून आला.

शेवटी एका दात पडलेल्या आजोबांनी हात वर केला.

“हे विचारतायत,” तोमास म्हणाला, “तो परका सरदार आपल्या घरी परत कधी गेला?”

“बोटं तुटल्यावर,” कर्नल अभिमानाने म्हणाले.

तोमासने सांगितले. आजोबांनी कर्नलांच्या दोन्ही हातांकडे शांतपणे पाहिले आणि काही तरी म्हणाले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मग अजून अवकाश आहे.”

कर्नल मोठ्याने हसले. या लोकांना विनोदबुद्धी आहे, असे ते सचिवांना मुद्दाम कळवणार होते.

यंत्रे लागली. शिपाई त्यांना ‘नाक’ म्हणू लागले. एक नाक फाटकावर, एक बाजारात, काही भुंग्यांवर बसून गावावरून फिरू लागली, आणि शत्रू भराभर सापडू लागला. पहिल्यांदा सापडले नगराध्यक्ष, जे आपल्याच झेंड्याखाली शपथ घेऊन खुर्चीवर बसले होते. मग शाळेतले पेद्रूमास्तर, जे लुवेरी मुलांना आपली प्रार्थना शिकवत. मग ज्याने आपल्या तुकडीला झऱ्याची वाट दाखवली तो वाटाड्या. तळाचा धोबी. दवाखान्याची जागा देणारा पाद्री. एकेकाचा काटा सत्तर, ऐंशी, नव्वद. त्यांना किनाऱ्यावरच्या ‘स्नेहशिबिरा’त नेण्यात आले. शिबिराला भिंत होती आणि स्नेह आतून बाहेर पडू नये अशी ती उंच होती.

“बघितलंत मॅडम?” कर्नल आनंदाने हात चोळत म्हणाले. “मी सांगत होतो. शत्रू रानात नाहीच. तो आपल्यात घुसलाय!”

शत्रू इतका आत घुसला आहे म्हटल्यावर आणखी तुकड्या मागवाव्या लागल्या. तुकड्यांना घरे लागली, घरांना जमीन लागली, जमिनी देऊ करणारे लुवेरी सापडले, आणि पुढच्याच आठवड्यात फाटकावर त्यांचेही काटे नव्वदवर गेले. आपण जितके खोल जात होतो तितके शत्रू वाढत होते. आलेखावरची रेषा सुंदर चढत होती. मंत्रालयात ती भिंतीवर लावली गेली.

मग एके दुपारी एक खरीखुरी रानवाली सापडली.

ती सापडली म्हणजे पाय मुरगळून झाडाखाली बसलेली होती. मांडीवर बंदूक होती. बेनेदिता तिचे नाव. वय पन्नाशीच्या पुढे. तिला खुर्चीवर बसवून डॉ. उकिडव्यांनी स्वतः नाक तिच्यासमोर धरले. काटा शून्यावर होता. त्यांनी डब्यावर टिचकी मारली. शून्य.

“तोमास, हिला विचार, हिला कशाची लाज वाटते का?”

तोमासने विचारले. बाई आधी हसली, मग बराच वेळ बोलली.

“म्हणते, पाय मुरगळला त्याची थोडी वाटते. लहानपणापासून त्याच वाटेने येते-जाते म्हणाली. लोक काय म्हणतील.”

काटा दोनवर गेला आणि परत शून्यावर आला.

“दोन!” कर्नल म्हणाले. “म्हणजे पार निरपराध आहे बिचारी.”

“कर्नलसाहेब, तिच्याकडे बंदूक होती.”

“सापडली असेल वाटेत. मॅडम, यंत्र तुमचं आहे आणि तुम्हीच शंका घेता?” त्यांनी शिपायाला हाक मारली. “पायाला पट्टी बांधा आणि जीपने सोडून या हिला. आणि हो, निरपराध माणसाची वस्तू आपण ठेवून घेऊ शकत नाही. बंदूक परत द्या. गोळ्या काढून घ्या. सावधगिरी म्हणून.”

बेनेदिता जीपमध्ये बसताना तोमासला काही तरी म्हणाली. त्याने खाली पाहिले. त्याचे भाषांतर त्याने केले नाही, आणि कोणी मागितलेही नाही.

दुपारच्या उन्हात बंगल्याच्या व्हरांड्यात डॉ. उकिडवे यंत्राचे झाकण उघडून बसल्या होत्या. आत सगळे जागच्या जागी होते. तोमास येऊन कठड्याला टेकला.

“मॅडम, एक विचारू? हे नाक माझ्यावरून बसवलंय ना?”

“कोणी सांगितलं तुला?”

“आत्ता तुम्हीच. तुमच्या चेहऱ्याने.” तो हसला. “तो पेपर मला आठवतोय. पाच मार्कांचं उत्तर उतरवलं होतं मी. नंतर आठवडाभर अन्न जाईना. आपटेकाकूंना वाटलं कावीळ झाली. नुसता मुगाचा भात घालत होत्या. शेवटी मी त्यांना खरं सांगितलं, तर म्हणाल्या, एवढंच ना? आणि श्रीखंडाची वाटी पुढे ठेवली.”

उकिडव्यांनी यंत्राचे झाकण लावले.

“शिबिरात कोण कोण गेलंय ते बघा,” तो म्हणाला. “पेद्रूमास्तर. वाटाड्या. पाद्री. त्यांच्यात रानातला एक तरी आहे? सगळे तुमचे आहेत, मॅडम. तुमचं काम करणारे. रानातल्यांना कशाला लाज वाटेल? ते स्वतःचा झरा परत मागतायत. लाज आम्हाला वाटते. सकाळी तळात पाऊल टाकताना वाटते. मी आणलेले तांदूळ माझी आई मला शिजवून घालते आणि स्वतः रताळी खाते. विचारलं तर म्हणते, तांदूळ पचत नाहीत.”

“ती बाई जाताना तुला काय म्हणाली?”

“आईची प्रकृती विचारली.” मग तो म्हणाला, “उद्या दुभाष्यांना फाटकावरच्या नाकासमोरून नेणार आहेत. म्हणजे मला. मी आजवर मागच्या दाराने येत होतो. उद्यापासून ते बंद.”

“मग तू जा इथून. आज. डोंगरात जा.”

“गेलो तर उत्तमच होईल. चार-सहा महिने तिथे राहिलो की लाज उतरेल. मग खुशाल परत येईन आणि तुमचं नाक मला सलाम ठोकेल.” तो पुन्हा हसला, पण अर्धवट. “आई तळाच्या वसाहतीत आहे, मॅडम. मी पळालो तर तिला नेतील. तिला दमा आहे. त्यापेक्षा तुम्ही कर्नलसाहेबांना सांगा ना. एक वाक्य तर आहे. यंत्र बरोबर आहे, पण ते शत्रू नाही, लाज दाखवतं. तुम्ही सांगितलंत तर ऐकावंच लागेल त्यांना. दुसरं कोण सांगणार?”

“सांगते.”

“नक्की?”

“अरे, सांगते म्हटलं ना.”

संध्याकाळी त्या कर्नलांच्या खोलीत गेल्या. वाक्य त्यांनी वाटेत तीनदा मनाशी म्हणून पाहिले होते. खोलीत आलेखाची मोठी चौकट लावलेली होती आणि खिडकीतून थेट फाटक दिसत होते.

“कर्नलसाहेब, समजा,” त्या म्हणाल्या, “नुसतं समजा हं, की हे यंत्र शत्रुत्व मोजत नाही. समजा ते आपल्या बाजूने असणाऱ्यांनाच पकडतंय.”

कर्नल विचारी माणूस होते. त्यांनी विचार केला.

“तसं असतं तर शिबिरात आहेत ते आपले मित्र ठरले असते,” ते म्हणाले. “आणि मित्रांना डांबून ठेवणारं राष्ट्र आपण नाही. बरोबर? म्हणजे ते शत्रूच आहेत. बघा, सुटलं की नाही गणित?” मग ते मायेने म्हणाले, “मॅडम, हवा मानवत नाही तुम्हाला. इथे राहून या लोकांबद्दल वाटू लागतं माणसाला. धारवाडकरांनी म्हणूनच कालपासून नवा नियम केलाय. यंत्राबद्दल जो शंका घेईल त्याला आधी फाटकावरच्या नाकासमोर उभं करायचं. मीच सुचवलं. तुम्ही काही म्हणत होतात?”

डॉ. उकिडव्यांना कानामागे ऊब जाणवली. ती कशाची आहे, कोणत्या ग्रंथींतून येते आहे आणि फाटकावरचा काटा ती किती दाखवेल, हे जगात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

“बॅटऱ्यांचं,” त्या म्हणाल्या. “जादा बॅटऱ्या लागतील. दमट हवेत लवकर उतरतात.”

“हात्तिच्या! मागवू की.”

कर्नलांनी चहा मागवला. डॉ. उकिडव्यांनी तो पूर्ण घेतला.

सकाळी दुभाषे रांगेने उभे होते. तोमास मधोमध, इस्त्रीच्या शर्टात. डॉ. उकिडवे यंत्राच्या मागे उभ्या होत्या. गंधवेधकाला मागचा वास येत नाही. ती रचना त्यांनीच केली होती. त्या एक स्क्रू पिळत होत्या. तो आधीच घट्ट होता.

तोमासने कमानीपाशी येताना त्यांच्याकडे पाहिले. सांगितले का, एवढेच त्या नजरेत होते. त्या स्क्रूकडे पाहत राहिल्या. मग तो पुढे झाला.

काटा सरळ शंभरावर जाऊन थांबला. अगदी रेषेवर, केसभरही इकडेतिकडे नाही.

“शंभरला शंभर!” यंत्रावरचा जवान ओरडला, आणि आसपासच्या दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. इतका नेमका आकडा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

“मॅडम,” तोमास मराठीत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेवढा तरी असायला हवा होता. “यंत्र अचूक आहे हं तुमचं.”

शिबिराची गाडी आली. चढताना त्याने सवयीने चपला काढून हातात घेतल्या.

त्यानंतर काम सोपे झाले. पाऊणशे टक्के नोकर शिबिरात गेल्यामुळे तळावर नवी माणसे हवी होती. ती फाटकावर नाकासमोरून घेतली गेली. ज्याचा काटा शून्यावर राहील त्यालाच आत घ्यायचे, असा कडक नियम होता. शून्याचे लोक रानातून रांगा लावून आले. स्वयंपाकी शून्य, धोबी शून्य, चालक शून्य, कोठाराचे राखणदार शून्य. मुदपाकखान्यावर देखरेखीला एक पोक्त बाई मिळाली. तिचा काटा दोनपर्यंत हलला होता, पण किंचित लंगडते म्हणून असेल, असे समजून घेतले गेले. नव्या नोकरांच्या बरोबरीने रोज सकाळी वाजंत्री वाजवत भाजीवाले आत येत. कर्नलांना ते फार आवडे. कशाची तरी आठवण होते, पण कशाची ते लक्षात येत नाही, असे ते म्हणत.

“आता तळ निर्मळ आहे,” त्यांनी मंत्रालयाला कळवले. “इथे एकही शत्रू उरलेला नाही.”

एका सकाळी चहा आला नाही.

कर्नलांनी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. मग ते पायजम्यावर बाहेर आले. अंगणात सगळे नोकर उभे होते. कोठारातल्या बंदुका त्यांच्या खांद्यावर होत्या. कोणी ओरडले नाही. बेनेदिता पुढे आली आणि तिने बंदराकडे बोट दाखवले. भाषांतर करायला कोणी नव्हते, पण कळले. कर्नलांची बोटे सगळी शाबूत राहिली. रानवाल्यांनी त्यांना बूट घालायला वेळ दिला आणि जहाजापर्यंत पोचवताना सामानही उचलले. लुवेरातले आपले युद्ध असे संपले. एकाही निरपराध माणसाला धक्का लागला नाही, हा मुद्दा मंत्रालयाने नंतरच्या निवेदनात ठळक अक्षरांत घातला.

जहाजाच्या शिडीशी डॉ. उकिडव्यांनी बेनेदिताचा हात धरला. “तोमास,” त्या म्हणाल्या. “तोमास एंबारी.” त्यांनी किनाऱ्यावरच्या भिंतीकडे बोट केले आणि हाताने कुलूप उघडल्याची खूण केली.

बेनेदिताला खूण कळली. तिने मान हलवली, नाही अशी. परक्यांना मदत करणारे कोण होते, हे शोधायला नव्या सरकारला वर्ष-दोन वर्षे लागली असती. महासत्तेने ते काम आधीच चोख करून ठेवले होते. एकही माणूस चुकीचा नव्हता, एकही सुटला नव्हता, सगळे एका भिंतीच्या आत होते. फाटकावर फक्त पहारेकरी बदलले. किल्ली कर्नलांनी स्वतः हातात दिली, पावती घेऊन.

भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पाटी घेऊन बसलेली होती. पाटीत भात होता, झाकलेला. तिला धाप लागत होती. जहाज सुटेपर्यंत डॉ. उकिडवे तिच्याकडे पाहत होत्या.

संचालक धारवाडकरांना त्या वर्षी सन्मान मिळाला. यंत्रे मायदेशी आली होती आणि त्यांचे काही तरी करायला हवे होते. मूळ प्रयोग परीक्षागृहातला असल्याने ती परीक्षाकेंद्रांच्या दारावर बसवावीत, असे धारवाडकरांनी सुचवले. कॉपीचा नायनाट होणार, असे मंत्र्यांनी उद्घाटनात सांगितले. प्रमाण बदलण्याइतका वेळ नव्हता, म्हणून तोमासचेच ठेवले.

मार्चची परीक्षा पार पडली. पेपर संपल्यावर वर्ग झाडणाऱ्यांनी चिठ्ठ्यांची पोती भरून बाहेर नेली. राज्यभरात काटा एकदाच हलला: डॉ. उकिडवे तपासणीसाठी एका केंद्रात शिरल्या तेव्हा. केंद्रप्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली आणि यंत्र उघडून पाहिले.

यंत्रात बिघाड नव्हता.